मेजरची बंदूक किती लांब

बंदुकीच्या दुकानात शिरल्यावर मी पहिलं काम केलं ते असं: काउंटरवरची रायफल उचलली, तिचं तोंड स्वतःकडं वळवलं आणि नळीत डोळा घातला. यात माझा काही वाईट हेतू नव्हता. बीडात माझं चष्म्याचं दुकान आहे. भिंगं उजेडाला धरून डोळा बारीक करण्यात उमेदीची वर्षं गेली, त्यामुळं आरपार भोक असलेली कुठलीही वस्तू हातात आली की ती आपोआप डोळ्याशी जाते. नळाचा पाइप घ्यायला गेलो तरी मी तसंच करतो.

दुकानवाल्या चाचांनी एका बोटानं नळी बाजूला सारली. "साब, उधर से नै देखते," ते म्हणाले, आणि माझ्या तोंडावरून मी मराठी आहे हे ताडून पुढं म्हणाले, "तिकडून बघणाराला एकदाच दिसतं."

रिकामी आहे याची खात्री करूनच त्यांनी ती बाहेर ठेवली होती, हे त्यांनी नंतर सांगितलं. माझ्या शेजारी उभा असलेला मेहुणा तोपर्यंत छताकडं बघत होता. छतावर पंख्याशिवाय काही नव्हतं.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनीवर आला. पण आमच्याकडं फौजेतून माघारी आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. खरा हुद्दा काय, हे गाव विचारत नाही. त्याची आईसुद्धा "मेजर, शेळीला पाणी दाव" म्हणते. मीही त्याला मेजर म्हणतो आणि तो मला दाजी. या नात्यात एकमेकांची टिंगल करायची मुभा असते, आणि ती आम्ही दोघंही पुरेपूर वापरतो.

पेन्शनीवर आल्यापासून मेजर घरी बसून होता. घरी म्हणजे उमापूरच्या अलीकडं, सासुरवाडीला. शेत त्याची बायको बघायची, शेळ्या आई बघायची, आणि मेजर रोज सकाळी दाढी करून, बूट घालून, कुठंतरी जायचं असल्यासारखा ओट्यावर बसायचा. तेवढ्यात एका साखर कारखान्यात गळीत सुरू व्हायच्या आधी गेटवर बंदूकवाल्या पहारेकऱ्याची जागा निघाली. अट अशी की बंदूक स्वतःची पाहिजे, परवान्याची. परवाना त्यानं खटपट करून काढला होता. बंदूक घ्यायची राहिली होती.

हे गेट त्याला नुसतं नोकरीसाठीच हवं होतं असं नाही. त्याचे आईवडील कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे. पोर असताना तो उसाच्या मोळ्यांवर बसून बैलगाड्यांच्या रांगेत ताटकळायचा. रांगेच्या पुढं, पार तिकडं, गेटवर एक माणूस खांद्याला लांब बंदूक अडकवून उभा असायचा. त्यानं मान हलवली की गाडी आत जायची. "मला वाटायचं, सगळा कारखाना त्याचाच हाय," असं मेजर मला एकदा म्हणाला होता. फौजेत गेला तो त्या माणसामुळं, असं मी म्हणणार नाही. पण गेला खरा.

तर चाचांनी दोन रायफली काढून ठेवल्या होत्या. दोन्ही फौजेतून बाद झालेल्या, नळी बदलून साध्या परवान्यावर चालतील अशा केलेल्या. बनावट एकच, फरक लांबीचा. एक पूर्ण लांबीची. तिचं लाकूड पार तोंडापर्यंत गेलेलं, पुढं संगीन लावायची खुंटी. जमिनीवर उभी केली तर माझ्या काखेशी येत होती. दुसरी आखूड, तिला कार्बाइन म्हणतात. पूर्वी घोडेस्वारांसाठी अशा करायचे, घोड्यावर लांब बंदूक आडवी येते म्हणून, असं चाचा म्हणाले.

"कोणती चांगली?" मी विचारलं.

"ये बी लई चांगली," चाचा लांब रायफलीवर हात ठेवून म्हणाले. मग दुसऱ्या हातानं आखूड उचलली. "और ये तो पूछोच मत."

पुढचा तासभर चाचांचं मत असंच राहिलं. आपण ज्या बंदुकीकडं बघू, तीच चांगली.

मी लांब रायफलीच्या बाजूनं बोलायला सुरुवात केली. मला कुणी विचारलं नव्हतं. लांब नळीचा नेम लांबवर चालतो, लाकूड जुनं आणि भारी आहे, गेटवर शोभा पाहिजे, असं मी धडाधड सांगत सुटलो. यातलं काहीही मला ठाऊक नव्हतं. खरं कारण एवढंच की दसरा तोंडावर आला होता, सासुरवाडीला शस्त्रं पुजायला ठेवतात, आणि मी मनातल्या मनात त्या लांब रायफलीला झेंडूची माळ घालून शेजारी उभं राहून फोटोसुद्धा काढला होता. गेल्या दसऱ्याला पूजेत दोन कोयते, एक विळा आणि माझा स्क्रू फिरवायचा बारीक पेचकस एवढीच शस्त्रं होती.

"दाजी बराबर बोलायलेत," मेजर म्हणाला. "गेटवर लांबच पाहिजे. हे आखूड म्हंजे पुढाऱ्याच्या गाडीतल्या पोरांचं काम हाय. खिडकीतून नळी दिसली पाहिजे, रील निघालं पाहिजे."

ते खरं होतं. अलीकडं आमच्या जिल्ह्यात बंदूक म्हटली की लोकांना आधी मोबाइल आठवतो.

"धरून तर बघ," मी म्हणालो.

मेजरनं लांब रायफल उचलली. उजव्या हातानं दस्ता धरला, डावा हात पुढं लाकडाखाली नेला, आणि रायफल खांद्याशी येईल म्हणून मी वाट बघत राहिलो. ती आली नाही. तिच्याऐवजी मेजरची मान खाली आली. खांद्याला बंदूक लावण्याऐवजी त्यानं बंदुकीला गाल लावला. डावा हात छातीच्या वर गेला नाही, जिथं थांबला तिथंच राहिला. क्षणभरच. मग त्यानं ती खाली ठेवली आणि म्हणाला, "वजन लई हाय. जुनं लाकूड."

"जुना माल हाय," चाचा म्हणाले.

मला शंका आली. लोक माझ्याकडं अक्षरांचा तक्ता वाचायला बसतात तेव्हा खालच्या ओळी दिसत नसताना पाठ असल्यासारख्या म्हणतात, आणि मी रोज अशी तोंडं बघतो. मेजरचं तोंड तसं झालं होतं.

"ही बघ की," म्हणून मी आखूड पुढं केली. ती मात्र सहज बसली. डाव्या हाताला पुढं जावंच लागलं नाही. कोपर बरगडीला टेकवून त्यानं ती खांद्याशी धरली, डोळा लावला आणि लगेच खाली ठेवली. चोरीची वस्तू हातात आल्यासारखी.

"लांबच घ्यायची," तो म्हणाला.

आता माझी पंचाईत झाली. इतका वेळ लांबीची भलावण मीच केली होती. हात वर जात नाही हे चाचांसमोर बोलून चालणार नव्हतं, आणि खरं तर कुठंच बोलून चालणार नव्हतं. फौजेतल्या माणसाला त्याचा हात वर जात नाही असं सांगणं म्हणजे काय, एवढं मलाही कळतं. म्हणून मी पक्ष बदलला आणि तोंडाला येईल ते बोलू लागलो. लांब बंदूक मोटारसायकलवर आडवी येते. लांब बंदुकीला तेल जास्त लागतं. पावसात लांब बंदूक जास्त भिजते.

"दाजी, आत्ता तर शोभा म्हणत होतात," मेजर म्हणाला.

"शोभा आहेच. पण ठेवणार कुठं? कुलपात ठेवावी लागते. तुझ्या घरी कुलपाचं कपाट एकच. त्यात ही बसणार नाही."

"तिरपी बसंल."

"नाही बसायची."

"बसंल."

चाचांना असले वाद नवे नसावेत. त्यांनी सुतळीचे दोन तुकडे काढले, एक लांब रायफलीला लावून कापला, एक आखूड रायफलीला, आणि माझ्या हातात दिले. "घर जाके नाप लो. दसऱ्याच्या आधी या."

अशा रीतीनं बंदूक घ्यायला गेलेले आम्ही सुतळी घेऊन बाहेर पडलो.

रस्त्यात एका हॉटेलावर चहाला थांबलो. मेजरनं बशीत ओतलेला चहा संपवला, आणि रस्त्याकडं बघत म्हणाला, "अक्काला काय बोलू नका."

"कशाचं?"

"कशाचंच न्हाई."

"बरं," मी म्हणालो.

अक्का म्हणजे माझी बायको. ती घटस्थापनेपासूनच माहेरी होती. या दोघांचं असं आहे की आईवडील तोडीवर गेले की मागं हा भावाबहिणीचा संसार असायचा. तिनं त्याला वाढवलं. वडील त्याला कोयत्याला जुंपायला निघाले होते, तेव्हा तीच आडवी पडली आणि भरतीला पाठवलं. दर सुट्टीला आला की ती त्याला ओट्यासमोर उभं करून आधी वरपासून खालपर्यंत बघायची, मग पाणी द्यायची. तेव्हा तिच्यासमोर धडधाकट असणं ही मेजरची जुनी ड्यूटी होती.

घरी पोचलो तेव्हा ती अंगणात वाल निवडत बसली होती.

"कुठाय बंदूक?"

मी सुतळी दाखवली.

"ही?"

हाताचं सोडून सगळा प्रकार सांगून झाला. सुतळीनं कपाटाचं माप घ्यायचं ठरलं, पण सुतळी लवते; तिरपी लावली की मधेच झोल पडतो. मेजर म्हणाला, बसतंय. मी म्हणालो, झोल आहे. मग तो तडक शेतात गेला आणि दोन ऊस घेऊन आला. एक लांब सुतळीएवढा तोडला, एक आखूड सुतळीएवढा. आमच्या भागात काठी, मापपट्टी, कुंपण, सगळ्याची सुरुवात उसापासून होते.

कपाट मेजरच्या बायकोचं, लग्नातलं. ते उघडायला ती राजी नव्हती. मधली फळी काढावी लागणार म्हटल्यावर तिनं साड्यांचा गठ्ठा काढून बाजेवर आपटला.

"अन् ह्या कुठं ठेवू? लायसनवर?"

फळी काढल्यावर लांब ऊस तिरपा बसला. कपाटाचं दार कुलपासकट लागलं. मेजरनं माझ्याकडं असं बघितलं की मी घड्याळ बघितलं. माझा शेवटचा मुद्दा असा उसानं निकालात काढला.

विषय संपला असता. पण माझ्या बायकोला तेवढ्यात हौस आली. ती वालाचं सूप बाजूला ठेवून उठली आणि म्हणाली, "मेजर, धर बघू खांद्याला. कसा दिसतूस बघू दे. नवा नवा भरती झाल्तास तवा काठी घेऊन दाखवायचास."

"आता काय अक्का, पोरखेळ."

"धर म्हणते ना."

त्यानं लांब ऊस उचलला. दुकानातल्यासारखाच डावा हात पुढं नेला, छातीपर्यंत आला आणि थांबला. ऊस खांद्याशी आला नाही. मान खाली येऊ लागली, पण बहिणीसमोर ती अर्ध्यात थांबली.

दुकानात जुन्या लाकडाचा आडोसा होता. ऊस तर पोरंसुद्धा एका हातानं धरून खातात. मेजर तसाच उभा राहिला, ऊस छातीशी धरून. त्याची बायको साड्या गोळा करता करता थांबली. तिलाही ठाऊक नसावं, किंवा असावं. तिच्या तोंडावरून मला कळलं नाही.

"हात वर कर," माझी बायको म्हणाली.

"अक्का..."

"वर कर."

त्यानं केला. कानापर्यंतही गेला नाही.

"कधीपासनं?"

"लई दिवस झाले. डोंगरात गाडीवरून उतरताना पडल्तो. मिलिटरी दवाखान्यात दावलं न्हाई. दावलं आसतं तर मेडिकलच्या खालच्या कॅटेगिरीत टाकलं आसतं."

"मग घरी आल्यावर?"

"घरी आल्यावर कशाला सांगू? तू बघायचीस न्हवं वरपासून खालपातूर. म्हटलं, दिसलं तर दिसंल."

हे त्यानं चिडून म्हटलं नाही. पण तिला ते लागलं. तिनं त्याच्या हातातला ऊस काढून घेतला. मला वाटलं फेकून देते. तिनं विळी घेतली, ओट्यावर बसली आणि तो लांब ऊस तोडून त्याची कांडी करायला लागली. एक कांडं त्याला, एक भावजयीला, एक मला. कुणी नको म्हणायची हिंमत केली नाही. ऊस अजून पुरता भरला नव्हता, चव पाणचट लागत होती. आम्ही सगळे चोथा थुंकत बसलो.

"अन् त्या कारखान्यात घेणारानं धर म्हटलं आसतं तर?" तिनं विचारलं.

"धरलं आसतं कसंतरी."

"आखूड घे मग."

"गेटवर आखूड?" मेजर म्हणाला. "अक्का, गाडीवाले हसतेल. त्या माणसाची किती लांब व्हती, तुला ठाऊक हाय. तूबी बघितलीय."

"मी बघितलीय," ती म्हणाली. "तवा मी पोर व्हते. आता गाडीवाल्यास्नी तुझ्या बंदुकीची लांबी मोजायला येळ न्हाई. त्यांचा जीव उसाच्या वजनात असतू." पुढं म्हणाली, "अन् जाशील तवा आधी हाताचं सांगायचं. मागनं कळलं तर हाकलतेल, अन् ते चारचौघात हाकलतेल."

मेजर कांडं खात राहिला. उरलेला आखूड ऊस भावजयीनं उचलून कपाटात ठेवून बघितला. तो फळीसकट उभा बसला. तिनं साड्या पुन्हा आत रचल्या आणि त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडं बघून हसली.

दसऱ्याच्या आधी आम्ही चाचांकडं परत गेलो. मी या वेळी हात पाठीमागं बांधून उभा राहिलो. चाचांनी कार्बाइन बांधून दिली. "लई बेस्ट पसंद है," ते म्हणाले. लांब घेतली असती तरी हेच म्हणाले असते, पण ऐकायला बरं वाटलं. दसऱ्याला ती कोयत्यांच्या शेजारी पुजली गेली. मी फोटो काढला. माळ बंदुकीपेक्षा लांब झाली होती, तिला दोन वेढे द्यावे लागले.

कारखान्यात त्याच्याबरोबर मीच गेलो. सुरक्षेचा साहेबही फौजेतला निघाला, वयानं मोठा, पोट सुटलेला. त्यानं कागद बघितले, बंदूक बघितली, "छोटी आणली," एवढंच म्हणाला. मग निशाणा धरून दाखव म्हणाला. मेजरनं कार्बाइन खांद्याला लावली, कोपर बरगडीशी ठेवून. नीट धरली होती. साहेबानं मान डोलावली आणि कागदाकडं वळला.

इथं मेजर गप्प बसला असता तर काम झालं होतं. मी त्याच्याकडं बघितलं नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं.

"साहेब," मेजर म्हणाला, "डावा हात एवढाच जातो. वर जात न्हाई." आणि हात वर करून दाखवला, जिथवर जात होता तिथवर.

साहेबानं पेन खाली ठेवलं. तो हात त्यानं नीट बघितला. मग म्हणाला की गेटवर उभं राहायचं म्हणजे ट्रकवर चढून बघावं लागतं, पोरं अंगावर येतात, तिथं दोन्ही हात लागतात. गेट देता येणार नाही. वजनकाट्याच्या खोलीत एक माणूस लागतो, बंदुकीसह. बसून काम आहे. भांडणं होतात तिथं, पण तोंडाची. करणार का?

मेजरनं खिडकीतून गेटकडं बघितलं. गळीत सुरू व्हायचं होतं, गेटवर कुणीच नव्हतं, एक कुत्रं तेवढं सावलीला पडलं होतं.

"करतो," तो म्हणाला.

आता तो काट्यावर बसतो. आत येणारी प्रत्येक गाडी त्याच्या खिडकीसमोर थांबते. गाडीवाले त्याला मेजर म्हणतात, तसं म्हणा म्हणून मात्र त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. गेटवर दुसरा एक पोरगा घेतला, त्याच्याकडं लांब बंदूक आहे. मेजर तिच्याबद्दल काही बोलत नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "तेल लई लागत आसंल तिला."

ज्या दिवशी हे काम पक्कं झालं, त्या दिवशी घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. साहेब काय म्हणाला, मेजरनं हात कसा वर केला, गेट कसं गेलं आणि काटा कसा मिळाला. ती भाकरी थापत होती, ऐकत होती. सांगण्याच्या भरात मी जरा वाहवलो. म्हणालो, तसं मला चाचांच्या दुकानातच कळलं होतं. बघताक्षणी. डोळ्यांचाच धंदा आहे माझा.

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. दुसरी थापायला घेतली. तीही भाजून टोपल्यात टाकली.

मग म्हणाली, "उद्या त्याला हाडाच्या डॉक्टरकडं न्यायचं. गाडी तुमी चालवा. अन् जाताना-येताना बंदुकीचं एक आक्षर बोलायचं न्हाई."